पुढची होडी कोणती?

आमच्या या सदराकडे येणारीं पत्रें बहुतेक ठराविक विषयांचीं असतात. जुना वाडा पाडून सदनिका घ्याव्या कीं न घ्याव्या, मुलास परदेशीं पाठवावें कीं नाहीं, सूनबाईंच्या नोकरीच्या वेळा व देवघरांतील पूजेच्या वेळा यांचा मेळ कसा घालावा, हे प्रश्न आम्हांस आतां सरावाचे झाले आहेत. परंतु गेल्या महिन्यांत रेवदंड्याच्या बाजूनें एक पत्र आलें, त्यानें मात्र आम्ही कांहीं काळ निरुत्तर झालों. पत्रलेखक निवृत्त गृहस्थ आहेत, वय ६७. गेलीं ३६ वर्षें त्यांच्याजवळ स्वतःची शिडाची होडी आहे; मासेमारीसाठीं नव्हे, केवळ हौसेसाठीं. होडी सागवानी, वर झोंपण्यापुरती खोली असलेली. नारळी पौर्णिमेनंतर ती पाण्यांत लोटावयाची, आणि पावसाळ्यापूर्वीं वर ओढून झांपांखालीं झांकून ठेवावयाची, हा त्यांच्या घरचा कुळाचारच म्हणावा. आतां तिच्या फळ्यांच्या फटी दरवर्षीं उघडतात, त्यांत कापूस व राळ भरणारा जुना कारागीर वारला, आणि मोठें शीड वर चढवितांना यजमानांचा खांदा दुखूं लागतो. थोरले चिरंजीव म्हणतात, मोठी घ्या, यंत्राची घ्या, नातवंडांसह सगळीं मावूं. धाकटे म्हणतात, फायबरची लहान घ्या, देखभालीची कटकट नको. पत्राच्या शेवटीं प्रश्न आहे: पुढची होडी कोणती घ्यावी?

आमचा जन्म देशावरचा. समुद्राशीं आमचा संबंध गणपतीपुळ्यास घोट्याइतक्या पाण्यांत उभें राहण्यापलीकडे गेलेला नाहीं. तेव्हां सागवान बरें कीं फायबर, हें आम्ही सांगूं लागलों तर तें जन्मांध्यानें रंगाचे गुण वर्णन करण्यासारखें होईल. परंतु पुस्तकांतून आम्हांस एका अशा गृहस्थांची ओळख आहे, कीं ज्यांनीं आयुष्यांत हाच प्रश्न पुनःपुन्हां स्वतःस विचारला आणि दरवेळीं निराळें उत्तर दिलें. त्यांची हकीकत सांगणें एवढेंच आमच्या हातीं आहे.

हे गृहस्थ म्हणजे आर्थर रॅन्सम. इंग्रजी शाळेंत शिकलेल्या पुष्कळ वाचकांनीं त्यांचें ‘स्वॉलोज अँड ॲमेझॉन्स’ हें १९३० सालचें पुस्तक बाळपणीं वाचलें असेल. सरोवराच्या कांठीं सुटी घालविणारीं, स्वतः शीड हाकणारीं मुलें त्यांत आहेत. रॅन्सम यांचा जन्म १८८४ चा, लीड्स शहरांतला. रशियांत राज्यक्रांति झाली तेव्हां ते पेट्रोग्राड येथें इंग्रजी वृत्तपत्राचे बातमीदार होते; तेथें ट्रॉट्स्की यांच्या कचेरींत काम करणाऱ्या एव्हगेनिया शेलेपिना या तरुणीशीं त्यांचा परिचय झाला. पुढें हीं दोघें बाल्टिक समुद्राकांठीं एस्टोनिया देशांत राहूं लागलीं, आणि १९२४ सालीं त्यांचा विवाह झाला. या बाईंना वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. आमच्या कथेंत त्यांचें स्थान होडीहून कमी नाहीं.

रॅन्सम यांची समुद्रावरील पहिली होडी १९२० सालची. ती अठरा फूट लांब आणि वरून अगदीं उघडी. नांव ‘स्लग’, म्हणजे कवच नसलेली गोगलगाय. यावरून तिच्या गतीची कल्पना यावी. अशा होडींत पाऊस आला म्हणजे माणूस भिजतो, आणि रात्र झाली म्हणजे कोठें तरी किनारा गांठावा लागतो. म्हणून पुढच्या वर्षीं ‘किटिवेक’ आली. ही सोळाच फुटांची, पण हिला लहानशी खोली होती आणि तींत दोघांना निजण्यास फळ्या होत्या. छप्पर मिळालें, परंतु ही खऱ्या समुद्रास पुरी पडणारी नव्हती. म्हणून तिसरी होडी त्यांनीं मुद्दाम बांधवून घेतली. ऑटो एगर्स नांवाच्या रचनाकारानें तिचा आराखडा काढला, आणि रिगा बंदरांत १९२२ सालीं ती पाण्यांत उतरली. कारागिरांनीं ठरलेल्या मुदतींत काम पुरें करून दिलें नाहीं, हें सांगावयास नकोच. ज्यांनीं घर बांधलें आहे त्यांस त्याचें नवल वाटणार नाहीं.

या होडीचें नांव ‘राकुंद्रा’. लांबी सुमारें तीस फूट, रुंदी अकरा फुटांहून अधिक. होडीची रुंदी वाढली म्हणजे ती पाण्यावर ठाम बसते, आंत जागा मोठी होते, आणि ज्याला लिहावयाचें आहे त्याचा दौत-कागद मेजावरून घसरत नाहीं. मात्र पाणी कापून धांवण्याचा गुण त्या प्रमाणांत उणा होतो. तळास वरखालीं करतां येणारी एक फळी होती. ती वर घेतली म्हणजे साडेतीन फूट पाण्यांतही होडी चाले. खालीं सोडली म्हणजे वाऱ्यांत ती एका अंगास फार वाहवत नसे. कोंकणच्या खाड्यांतून, जेथें ओहोटीला निम्मी खाडी चिखल होऊन बसते, तेथें या युक्तीचें मोल पत्रलेखकांस आम्ही सांगण्याचें कारण नाहीं. राकुंद्रावर तिघें असत: मालक, एक वृद्ध खलाशी, आणि स्वयंपाकीण. ही स्वयंपाकीण म्हणजेच एव्हगेनिया. हलत्या चुलीवर, वाऱ्यापावसांत, दोन पुरुषांचें जेवण त्यांनीं बाल्टिकभर रांधिलें. पहिल्या सफरीचें पुस्तक १९२३ सालीं निघालें, तें इंग्रजी वाचकांस फार आवडलें.

आमच्या घरीं रात्रींचीं जेवणें झाल्यावर माजघरांत वाचनाचा परिपाठ आहे. ही हकीकत आम्ही तेथेंच वाचून दाखवीत होतों. येथवर आल्यावर आमच्या वडील वहिनींनीं निवडण्याचें ताट बाजूस सारलें आणि विचारलें, “त्या होडींत ओटा केवढा होता हो भाऊजी?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. होड्यांविषयीं लिहिणारे पुरुष डोलकाठीची उंची इंचांत सांगतात, ओट्याची लांबी सांगत नाहींत, असा शेरा मारून वहिनींनीं ताट पुन्हां पुढें ओढलें. पुढील भाग वाचतांना हा शेरा आमच्या मनांतून गेला नाहीं.

१९२५ सालीं रॅन्सम दंपती इंग्लंडांत सरोवरांच्या प्रदेशांत राहावयास गेलीं आणि राकुंद्रा विकली गेली. ती विकत घेणारे ॲडलार्ड कोल्स हेही पुढें समुद्रावरील ग्रंथांचे कर्ते म्हणून नांवाजले. त्यांनीं तिचें नांव बदलून ‘ॲनेट’ असें ठेविलें. त्यानंतर सुमारें दहा वर्षें रॅन्सम यांजवळ समुद्रावर जाणारी होडी नव्हती. सरोवरांतील लहान होड्यांवर त्यांनीं भूक भागविली, आणि ज्या पुस्तकांनीं त्यांचें नांव झालें तीं पुस्तकें लिहिलीं. माणसाजवळ होडी नसते तेव्हां तो होडीविषयीं अधिक चांगलें लिहितो, असें आम्हांस वाटतें; पण तें असो.

१९३५ सालीं तीं दोघें पूर्व किनाऱ्यावर सफोक परगण्यांत, ऑर्वेल नदीच्या मुखाजवळ राहावयास आलीं. त्याच सुमारास रॅन्सम यांनीं एक जुनी होडी घेतली. ती १९३१ सालीं लिट्लहॅम्प्टन येथील हिलियार्ड यांच्या कारखान्यांत बांधलेली, अठ्ठावीस फुटांची, एका डोलकाठीची होती. आपल्या गोष्टींतील एका धीट मुलीचें, नॅन्सी ब्लॅकेटचें, नांव त्यांनीं तिला दिलें. हिची त्यांच्या हातास जी संवय जडली ती पुन्हां कोणत्याही होडीची जडली नाहीं. १९३७ सालच्या त्यांच्या कादंबरींत चार भावंडें धुक्यांत नांगर सुटून नकळत उत्तर समुद्रांत वाहत जातात आणि रात्रभर वादळाशीं झुंजून हॉलंडच्या फ्लशिंग बंदरास लागतात. त्या गोष्टींतील ‘गॉब्लिन’ होडी म्हणजे हीच नॅन्सी. गोष्ट खरी उतरावी म्हणून रॅन्सम आदल्या वर्षीं स्वतः नॅन्सी घेऊन फ्लशिंगला जाऊन आले. मुलांच्या पुस्तकासाठीं समुद्र ओलांडून खातरजमा करून घेणारा लेखक विरळा.

मग अशी होडी त्यांनीं विकली कां? एव्हगेनियाबाईंची तक्रार होती, कीं हिच्यांत स्वयंपाकाची जागा फार तोकडी आहे.

येथें आमच्या माजघरांत दोन तट पडले. आमचे धाकटे बंधु म्हणाले, “पाहा, बायकांच्या हट्टापायीं चांगली होडी गेली!” वहिनी म्हणाल्या, “बारा वर्षें वाकून स्वयंपाक केला तिनें, एक शब्द बोलली तर हट्ट कां?” आमचें मत वहिनींच्या बाजूस झुकतें. तक्रार खरीच असली पाहिजे. अठ्ठावीस फुटांच्या होडींत नाळेकडील निमुळता भाग आणि मागील बसण्याची जागा वजा करतां मनुष्यानें राहण्याजोगें फार थोडें उरतें, आणि त्यांतही पुरुषमंडळी आधीं नकाशांचें मेज मांडतात, मग निजण्याच्या फळ्या, आणि उरल्या कोनाड्यांत शेगडी. रॅन्सम यांची चूक तक्रार ऐकण्यांत झाली नाहीं. चूक झाली ती त्या तक्रारीवर शोधलेल्या उपायांत. एक कोनाडा अरुंद होता. त्यावर त्यांनीं सात फूट अधिक लांबीची नवी होडी बांधविली.

ही ‘सेलिना किंग’. फ्रेड शेपर्ड यांचा आराखडा, पिन मिल येथील हॅरी किंग यांचा कारखाना, १९३८ साल, लांबी पस्तीस फूट. अठ्ठावीसाचे पस्तीस झाले म्हणजे फारसें कांहीं झालें नाहीं असें आपल्यासारख्या जमिनीवरच्या लोकांस वाटतें. तेव्हां थोडें गणित पाहूं. होडीचा घाट तोच ठेवून लांबी सव्वापट केली, कीं रुंदी आणि खोलीही सव्वापट होतात. म्हणजे एकंदर आकारमान सव्वा गुणिलें सव्वा गुणिलें सव्वा, जवळजवळ दुप्पट. शिडाचें कापड दीडपटीहून अधिक. नांगर त्या मानानें जड, दोर त्या मानानें जाड, आणि वारा उलटला असतां शीड ओढून धरणारा माणूस मात्र तोच. सेलिना पाण्यांत उतरली तेव्हां रॅन्सम ५४ वर्षांचे होते, आणि पोटांतील व्रणाच्या जुन्या दुखण्यानें त्यांस पुष्कळ वर्षें गांजलें होतें. स्वयंपाकाची जागा मिळाली, डोक्यावर छप्पर उंच झालें. दोन हंगाम सुखाचे गेले.

मग १९३९ चा सप्टेंबर उजाडला. युद्ध सुरू झालें, पूर्व किनारा सुरुंगांनीं व आरमारी पहाऱ्यांनीं बंद झाला, होडी किनाऱ्यावर चढवून ठेवावी लागली. रॅन्सम सरोवरांकडे परतले. सहा वर्षांनीं युद्ध संपलें तेव्हां होडी होती तशीच होती, मालक मात्र साठी ओलांडून गेले होते. जड शिडें ओढूं नका, नांगर उचलूं नका, असें डॉक्टरांनीं बजाविलें. सेलिना विकावी लागली. ज्या वस्तूचा उपभोग घेण्याचे दिवसच काळानें काढून घेतले, तिचा दोष कोणास देणार? परंतु एवढें खरें, कीं तेथें नॅन्सी असती तर डॉक्टरांचा निषेध इतका सरळ लागू झाला नसता.

त्यानंतरची होडी ‘पीटर डक’. राकुंद्रावरील त्या वृद्ध खलाशावरून रॅन्सम यांनीं आपल्या एका कादंबरींत पीटर डक नांवाचें पात्र निर्मिलें होतें. आतां स्वतः वृद्ध झाल्यावर त्यांनीं तें नांव होडीस दिलें. १९४६ सालीं हॅरी किंग यांच्याच कारखान्यांत ती बांधली गेली. लांबी पुन्हां अठ्ठावीस फुटांवर आली. आराखडा लॉरेंट जाइल्स यांच्या कचेरीचा. म्हातारपणीं समुद्रावर फिरण्याची चाकांची खुर्ची, अशा अर्थाचे विनोदी उद्गार रॅन्सम यांनीं तिच्याविषयीं काढले होते. या खुर्चीची मुख्य युक्ति अशी, कीं एका उंच काठीवर एक मोठें शीड न लावतां दोन काठ्यांवर लहान लहान शिडें विभागलीं. कापडाचें एकंदर माप फार घटत नाहीं. परंतु एका वेळीं हातास जो भार येतो तो घटतो. वारा वाढला तर मधलें शीड उतरवून पुढच्या-मागच्या दोन शिडांवर होडी तोल राखून चालते, आणि म्हाताऱ्या माणसास भर वाऱ्यांत डोलकाठीशीं झटापट करावी लागत नाहीं. आमच्या पत्रलेखकांच्या दुखऱ्या खांद्यास याहून उपयुक्त माहिती आम्हांस ठाऊक नाहीं.

नवल असें, कीं हीही त्यांच्या मनास भरली नाहीं. थोड्याच वर्षांत ती विकली. पुढें त्याच आराखड्यावर तीसांहून अधिक होड्या बांधल्या गेल्या आणि त्यांच्या मालकांनीं त्यांची वाखाणणी केली. म्हणजे रचनेंत खोट नव्हती. आम्हांस वाटतें, खुर्ची कितीही सोईची असली तरी ती खुर्ची आहे हें बसणाऱ्यास विसरतां येत नाहीं, तें दुःख होडीच्या माथीं बसलें असावें. हा आमचा तर्क, पुरावा नाहीं.

१९५२ सालीं, ६८ व्या वर्षीं, रॅन्सम पुन्हां लिट्लहॅम्प्टनला हिलियार्ड यांच्याकडे गेले. ज्या कारखान्यांतून नॅन्सी निघाली होती त्याच कारखान्यांत त्यांनीं ‘लॉटी ब्लॉसम’ बांधविली. हें नांव वुडहाउस यांच्या एका विनोदी कादंबरींतील नटीचें. आणि एवढ्यानें न थांबतां, लगेच पुढें त्याच कारखान्याकडून त्याच नांवाची दुसरी! या शेवटच्या होड्यांतून तीं दोघें वृद्ध नवराबायको खाडी ओलांडून फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत जात असत. सत्तरीच्या सुमारास त्यांनीं समुद्र सोडला. १९६७ सालीं रॅन्सम वारले. सगळ्या होड्यांत चांगली कोणती, याचें उत्तर त्यांनीं स्वतः देऊन ठेविलें आहे: नॅन्सी ब्लॅकेट.

ही नॅन्सी पुढें स्कारबरो बंदरांत मोडकळीस येऊन पडली होती. एका जाणकारानें ती ओळखली, उचलली, दुरुस्त केली; १९९७ पासून तिच्या रक्षणासाठीं स्थापिलेली विश्वस्त संस्था तिचा सांभाळ करीत आहे. म्हणजे जी होडी मालकाला पुरी पडत नाहीं म्हणून विकली, ती मालकाहून अधिक जगली.

आतां पत्रलेखक महाशय, आपल्या पत्राकडे वळतों. रॅन्सम यांची प्रत्येक होडी मागच्या होडीच्या तक्रारीचें उत्तर होती. उघडी म्हणून खोलीची, लहान म्हणून मोठी, मोठी म्हणून लहान. या तक्रारींत कांहीं अशा होत्या कीं त्या होडीच्या घाटांतच होत्या; सोळा फुटांची किटिवेक कोणत्याही सुतारानें समुद्रास पुरी पाडली नसती. कांहीं मात्र अशा, कीं चांगल्या सुतारानें एका पावसाळ्यांत मिटविल्या असत्या. नॅन्सीच्या आंतली एक फळी हलवून, नकाशाचें मेज घडीचें करून ओटा वाढविण्याचा प्रयत्न झाला होता कीं नाहीं, हें आमच्या वाचनांत आलेलें नाहीं. तो व्हावयास हवा होता, असें आमच्या वहिनींचें ठाम मत आहे.

आपल्या तीन तक्रारी आहेत. फळ्यांच्या फटी, ही होडीच्या वयाची तक्रार आहे, आणि ती फायबरनें खरोखर मिटते. परंतु बाहेरच्या फळ्या जाऊन आंतील वांक आणि तळाचें लांकूड धड असेल तर जुनी होडीही नव्या फळ्यांनीं उभी राहते. तेव्हां आधीं एखाद्या जाणत्या सुतारास तिच्या पोटांत शिरून टोंचून पाहूं द्यावें. दुसरी, दुखरा खांदा. ही शिडाची तक्रार आहे, होडीची नव्हे. दोन काठ्या, लहान शिडें, दोर ओढण्यास चक्र, आणि ओहोटीविरुद्ध खाडींत शिरावयास एक लहानसें यंत्र, एवढ्यानें तिचा परिहार होण्याजोगा आहे. तिसरी, नातवंडें मावत नाहींत. ही तक्रार चिरंजिवांची आहे, आपली नव्हे. नातवंडें वर्षांतून किती दिवस येतात तें एका कागदावर मांडावें, आणि उरलेले दिवस ती मोठी होडी कोण ओढणार, तें त्याखालीं लिहावें. चिरंजिवांचा हेतु प्रेमाचा आहे यांत शंका नाहीं; पण वर दिलेलें सव्वापटीचें गणित त्यांनाही एकदां करून दाखवावें.

शेवटीं एक गोष्ट आमच्या नव्हे, वहिनींच्या ध्यानांत आली. आपलें पत्र चार पानांचें आहे. त्यांत सागाचा भाव आहे, यंत्राची अश्वशक्ति आहे, दोन्हीं चिरंजिवांचीं मतें आहेत. आणि “इतकीं वर्षें आम्ही उभयतां दर पौर्णिमेस खाडींत जातों” असें एक वाक्यही आहे. या उभयतांपैकीं दुसऱ्यांस कोणती होडी हवी, याविषयीं मात्र एक अक्षर नाहीं. तें विचारून कृपया पुन्हां लिहावें, आणि त्यांत ओट्याची लांबीही कळवावी. तोंवर जुनी होडी विकूं नये.